सीमाभागातल्या प्राथमिक शाळेत मुलं काय शिकतात? पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

बेळगाव शहर, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या भागातल्या मराठी पालकांकडून शाळेच्या विषयांबद्दल तेच तेच प्रश्न येत राहतात. ते इथं एकत्र केलेत, शक्यतो त्यांच्याच शब्दांत. एकच उत्तर दोनदा नको म्हणून गरज पडेल तिथं दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कर्नाटकातल्या मराठी प्राथमिक शाळेत नक्की कुठले विषय असतात?

पहिली ते पाचवी मराठी ही प्रथम भाषा, त्याशिवाय कन्नड, इंग्रजी, गणित आणि परिसर अध्ययन. सहावीपासून परिसर अध्ययनाची फोड होते आणि विज्ञान व समाज विज्ञान असे दोन विषय येतात. शारीरिक शिक्षण, चित्रकला, संगीत आणि कार्यानुभवही अभ्यासक्रमात आहेत. त्यांची जाडजूड पुस्तकं नसतात म्हणून पालक त्यांना विषय मानतच नाहीत. त्याचा परिणाम काय होतो, ते प्रश्न १० मध्ये लिहिलं आहे.

पुस्तकं कर्नाटक पाठ्यपुस्तक संघाची असतात. हा संघ मराठीसह अनेक माध्यमांतून पुस्तकं काढतो आणि सरकारी व अनुदानित शाळांत ती मोफत मिळतात. कोल्हापूरहून आणलेली बालभारतीची पुस्तकं घरी जरूर वाचून दाखवा, पण इथल्या परीक्षेचा अभ्यास त्यांवरून होणार नाही.

२. पहिलीत घालायच्या आधी मुलाला लिहिता-वाचता आलं पाहिजे का?

नाही. पहिलीला सहा वर्षं पूर्ण असावीत, असा आता नियम आहे. शासन कधी कधी काही महिन्यांची सवलत देतं, तेव्हा त्या वर्षीचं परिपत्रक शाळेत विचारून घ्या. अंगणवाडीत किंवा एलकेजी-यूकेजीत मुलाला गोष्ट ऐकून पुन्हा सांगता यावी, वस्तू मोजता याव्यात, मातीत-रंगात हात चालावा, दुसऱ्या मुलांत बसता यावं. एवढं झालं की तयारी झाली. चार वर्षांच्या मुलाची बोटं पेन्सिल दाबून दाबून दुखत असतील तर तो अभ्यास थांबवा.

३. मराठी शाळा निवडली तरी कन्नड घ्यावंच लागतं का?

हो. कन्नड भाषा शिक्षण कायदा २०१५ मध्ये झाला आणि २०१५-१६ पासून पहिलीपासून वर वर टप्प्याटप्प्यानं कन्नड हा विषय सगळ्या शाळांत अनिवार्य झाला. सीबीएसई-आयसीएसई शाळाही त्यातून सुटत नाहीत.

इथं दोन गोष्टींची गल्लत होते. एखादी भाषा विषय म्हणून शिकणं वेगळं आणि सगळे विषय त्या भाषेतून शिकणं वेगळं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असं संविधानाचं कलम ३५०-क सांगतं. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं ते आलं. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ सुद्धा शक्य तिथवर मातृभाषेतूनच शिकवा म्हणतं. त्यामुळे कन्नड विषय आहे म्हणून मराठी माध्यम गेलं, असं होत नाही.

माझं स्वतःचं मत स्पष्ट आहे: कन्नड मनापासून शिकवा. शेताचा उतारा, बसची पाटी, दवाखान्यातला कागद, तालुक्याच्या कचेरीतला अर्ज हे सगळं इथं कन्नडमध्ये आहे. ज्याला ते वाचता येत नाही त्याला प्रत्येक कामासाठी दुसऱ्याचं तोंड बघावं लागतं. आपल्या मुलांवर ती वेळ येऊ नये.

४. तीन भाषा, तीन लिप्या. एवढ्याशा पोराचा गोंधळ होत नाही का?

थोडा होतो, आणि तो सरतोही. मात्र क्रम पाळला पाहिजे. आधी मराठी वाचन पक्कं व्हावं. कन्नड आणि इंग्रजी पहिली-दुसरीत कानानं आणि तोंडानं यावी: गाणी, खेळ, 'तुझं नाव काय, पाणी दे, इकडे ये' एवढं. तिन्ही लिप्यांची अक्षरं एकाच महिन्यात घोटून घेतली की मूल तिन्हीकडे अडखळतं.

देवनागरी नीट आली की कन्नडचं अर्धं काम झालेलं असतं. अ आ इ ई आणि क ख ग घ हा क्रम दोन्हीकडे तोच, काना-मात्रेची कल्पनाही तीच. नवीन असतं ते फक्त अक्षराचं रूप. अडचण येते ती दोन ठिकाणी. एक म्हणजे कन्नडमध्ये ए आणि ओ यांचे ऱ्हस्व व दीर्घ असे दोन-दोन प्रकार आहेत. मराठीत तो भेद नसल्यानं आपल्या मुलांच्या कानाला तो चटकन कळत नाही. दुसरी जोडाक्षरांची. 'अम्म' हा शब्द मराठीत लिहिताना आधी अर्धा म, मग पुढे पूर्ण म. कन्नडमध्ये पूर्ण म आधी आणि त्याच्या पायाशी दुसऱ्या म चं छोटं चिन्ह. मराठी शाळेतलं मूल सवयीनं आधी काहीतरी अर्धं काढू बघतं, आणि कन्नडमध्ये तसं अर्धं अक्षर सापडत नाही म्हणून पेन्सिल थांबते. ही चूक दिसली तर रागावू नका. मूल मराठीचा नियम बरोबर लावतंय, फक्त लिपी दुसरी आहे. असे दहा शब्द दोन्ही लिप्यांत शेजारी शेजारी लिहून दाखवले तर एका आठवड्यात फरक पडतो.

तिसरीच्या शेवटीही मराठीत साधं वाक्य वाचता येत नसेल, तर मात्र प्रश्न १३ वाचा.

५. आमच्या घरात खेड्यातली मराठी बोलतात. पुस्तकातली मराठी वेगळी वाटते. पोरगी वर्गात गप्प बसते.

घरची बोली चुकीची नाही. तिला उत्तर येत असतं, पण पुस्तकी भाषेत सांगायचं म्हणून ती बोलत नाही. पहिली दोन वर्षं तिला घरच्या बोलीत बोलू द्यावं आणि बाईंनी तेच वाक्य प्रमाण मराठीत सहज पुन्हा म्हणावं. तिला सगळ्यांसमोर दुरुस्त करू नये. घरी तिला रोज एक पान मोठ्यानं वाचून दाखवा. आजीची गोष्ट आजीच्याच भाषेत चालू राहू दे.

६. परिसर अध्ययन म्हणजे नेमकं काय? पुस्तकात तर पाणी, झाडं, घर एवढंच आहे.

सगळ्यात दुर्लक्षित विषय हाच. प्रश्नोत्तरं फळ्यावरून उतरवून घेतली की धडा 'झाला' असं आपण समजतो. पण मुलाला बघायला, विचारायला, मांडून सांगायला शिकवणारा प्राथमिक शाळेतला विषय हाच आहे. सहावीतलं विज्ञान आणि समाज विज्ञान दोन्ही त्याच्यावर उभं राहतं.

आणि त्यासाठी आपल्या भागाइतका चांगला परिसर शोधून सापडायचा नाही. 'नदी' हा धडा घ्या. मलप्रभा खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावते. तिथं धो धो पाऊस आणि जंगल. तीच नदी पूर्वेला सौंदत्तीकडे जाते, तिथं पाऊस कमी आणि काळी माती. एकाच जिल्ह्यात पश्चिमेला भात आणि पूर्वेला ज्वारी का, हा प्रश्न चौथीच्या मुलाला विचारा, उत्तर तोच शोधेल. बेळगावात नळाला येणारं काही पाणी राकसकोपच्या जलाशयातून येतं, तो जलाशय मार्कंडेय नदीवर आहे. घरातला नळ ते नदी हा रस्ता मुलांनी कागदावर काढला की 'पाण्याचे स्रोत' पाठ करायला लागत नाहीत.

'माती' असेल तर खानापूरच्या कुंभारांची माती आणि कौलं. 'आपले व्यवसाय' असेल तर निपाणीची तंबाखू, विड्या वळणाऱ्या बायका, चिकोडी-रायबागचा ऊस. 'प्राणी' असेल तर खानापूरचं भीमगड अभयारण्य. तिथल्या बारापेडे गुहांत राहणारं रॉटनचं वटवाघूळ जगात फारच थोड्या ठिकाणी आढळतं. आपल्या तालुक्यात अशी गोष्ट आहे हे मुलाला कळलं की ते घरी येऊन सांगतं, आणि घरी सांगितलेला धडा ते सहसा विसरत नाही.

पालकांनी एवढंच करावं: धडा कुठला चाललाय ते विचारा आणि त्यातली एक तरी गोष्ट मुलाला प्रत्यक्ष दाखवा. शेतावर, बाजारात, ओढ्यावर, कुठंही.

७. गणित मराठीतून शिकलं तर पुढे इंग्रजीत अडत नाही का?

संकल्पना कळलेली असेल तर शब्द बदलायला फार वेळ लागत नाही. संकल्पनाच कळली नसेल तर ती कुठल्याच भाषेत कळलेली नसते. अपूर्णांक म्हणजे काय हे भाकरीचे तुकडे करून मराठीत समजलेल्या मुलाला 'फ्रॅक्शन' हा शब्द एका दिवसात येतो. पाचवीपासून वहीच्या मागच्या पानांवर जोड्या लिहायची सवय लावा: अंश-न्यूमरेटर, छेद-डिनॉमिनेटर, परिमिती-पेरिमीटर. सातवीपर्यंत हा साठा पुरेसा होतो.

खरी अडचण त्याहून लहान वयात असते आणि ती सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. मराठीत 'सदतीस' म्हणताना सात आधी येतात आणि तीस नंतर. म्हणून ऐकून लिहिताना पहिली-दुसरीतली मुलं ७३ लिहितात. शिवाय एकोणतीस, एकोणचाळीस यांत 'नऊ' कुठंच ऐकू येत नाही. कन्नडमध्ये मात्र 'मूवत्तेळू', म्हणजे तीस आधी, सात नंतर, जसं लिहायचं तसंच. इंग्रजीतही तसंच. म्हणून मराठी शाळेतल्या चांगल्या बाई 'सदतीस, म्हणजे तीन दशक सात एकक' असं दोन्ही एकत्र म्हणून घेतात. काड्यांच्या जुड्या समोर ठेवून हे महिनाभर केलं की उलटसुलट थांबतं. मूल कन्नडचे आकडेही त्याच वेळी शिकत असेल तर त्याचा इथं फायदाच होतो.

पाढे पाठ असावेत, हो. पण आधी तीन-तीन चिंचोक्यांचे ढीग मांडून, मग पाठ.

८. आमच्या मुलाला शाळेत हिंदी का नाही?

अभ्यासक्रमात तीन भाषांची जागा असते. मराठी शाळांत ती मराठी, कन्नड आणि इंग्रजी यांनी भरते, हिंदीला जागा उरत नाही. देवनागरी येत असल्यानं हिंदी वाचणं मराठी मुलांना अवघड जात नाही, तेव्हा घाबरायचं कारण नाही. महाराष्ट्रात जायचा बेत असेल तर प्रश्न १२ पाहा.

९. इथल्या पुस्तकात इतिहास कर्नाटकाचा असतो. शिवाजी महाराजांचं काय?

हा प्रश्न फार कळकळीनं विचारला जातो. महाराष्ट्रात चौथीला परिसर अभ्यासाचा एक सबंध भाग शिवचरित्राला दिलेला आहे, तसं इथं नाही. मराठ्यांचा इतिहास इथं समाज विज्ञानात इतर राजवटींच्या बरोबर येतो. उरलेलं घरानं आणि वाचनालयानं भरून काढावं. येळ्ळूरचा राजहंसगड जवळ आहे, मुलांना घेऊन जा.

पण कर्नाटकाचा इतिहास परका म्हणून बाजूला सारू नका. शहाजीराजांची जहागीर बेंगळूरला होती आणि त्यांचा शेवट १६६४ मध्ये आजच्या कर्नाटकातल्या होदिगेरेला झाला, समाधी तिथंच आहे. मराठ्यांचा इतिहास नीट सांगायचा तर या मुलखाशिवाय तो पुरा होत नाही. खानापूर तालुक्यातलं हलशी ही कदंबांची दुसरी राजधानी. कित्तूरच्या राणी चन्नम्मांनी १८२४ मध्ये इंग्रजांशी लढा दिला, त्यांची समाधी बैलहोंगलला आहे. त्यानंतर शंभर वर्षांनी, डिसेंबर १९२४ मध्ये, बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. महात्मा गांधी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन. हे सगळं आपल्या मुलांचंच आहे.

१०. पीटी आणि चित्रकलेचा तास नेहमी गणिताला जातो. चालतं का हे?

चालू नये. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवी २२० दिवस आणि १००० तास शिकवलं गेलं पाहिजे. म्हणजे लहान मुलांना दिवसाला सरासरी चार तास. त्यात तीन भाषा, गणित आणि परिसर बसवताना ओढाताण होते हे खरं आहे, आणि सीमाभागातल्या शाळांत ती इतरांपेक्षा जास्त जाणवते. पण प्रत्येक वेळी खेळ आणि चित्रकलाच का कापायची? दिवसभर तीन लिप्यांत लिहिणाऱ्या मुलाला धावायला आणि रंगवायला वेळ मिळाला नाही तर शेवटच्या तासाला त्याच्या डोक्यात काहीच शिरत नाही. जे मूल भाषेत मागे आहे, त्याला वर्गात मान मिळतो तो बऱ्याचदा कबड्डीच्या मैदानावर किंवा ढोलकीवर. तो तास गेला की त्याच्यासाठी शाळेत काही उरत नाही.

शाळेच्या एसडीएमसीत, म्हणजे शाळा विकास व देखरेख समितीत, पालक बहुसंख्य असतात. बैठकीत वेळापत्रक मागा, वाचा आणि हे तास पाळले जातात का ते विचारा. मुख्याध्यापकांशी भांडून नव्हे, शांतपणे. खेळाचे शिक्षक नसतील तर गावातला एखादा जुना खेळाडू, भजनी मंडळातले काका आठवड्यातून एकदा येऊ शकतात का, तेही तिथंच ठरवा.

११. पहिली, दुसरी, तिसरी एकाच वर्गात बसवतात. शिक्षक कमी म्हणून का?

नाही, ही नली-कली पद्धत आहे. म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात १९९५ च्या सुमारास ती सुरू झाली आणि पुढे राज्यभर गेली. मुलं गटांत बसतात, कार्डांवर कृती करतात आणि आपापल्या गतीनं पायरी-पायरीनं पुढे जातात. म्हणून या तीन वर्गांतल्या मुलाला 'कुठला धडा चाललाय' असं विचारू नका, 'तू कुठल्या पायरीवर आहेस' असं विचारा. पद्धत चांगली आहे. फक्त बाईंना प्रत्येक गटाजवळ बसायला वेळ मिळाला पाहिजे. पटाच्या मानानं शिक्षक खरंच कमी असतील तर तो वेगळा प्रश्न आहे, प्रश्न १५ पाहा.

१२. आमची बदली चंदगडला (किंवा तिकडून इकडे) होणार आहे. मुलाचं काय बुडेल?

इथून महाराष्ट्रात जाताना गणित आणि परिसर फारसं अडत नाही. अडते हिंदी, कारण तिकडे ती पाचवीपासून असते. जायच्या आधीच्या सुट्टीत हिंदीच्या गोष्टी वाचायला लावा. तिकडून इकडे येताना अडतं ते कन्नड, आणि ते जास्त जड जातं, कारण वर्गातली मुलं काही वर्षं पुढे असतात. चौथी-पाचवीत आलेल्या मुलाला पहिलीचं कन्नड पुस्तक द्या, लाज वाटू देऊ नका, आणि शाळेला पहिल्याच दिवशी सांगा. इतिहासाचं प्रश्न ९ मध्ये आहे. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ तसं स्पष्ट सांगतं.

१३. मुलगा हुशार आहे, तोंडी सगळं येतं, पण वाचताना अक्षरं उलटी होतात. तीन भाषा त्याला झेपतच नाहीत.

आधी डोळे आणि कान तपासून घ्या. ते ठीक असतील आणि मातृभाषेतही वाचन येत नसेल, तर विशिष्ट अध्ययन अक्षमतेची तपासणी जिल्हा रुग्णालयातून किंवा मानसतज्ज्ञांकडून करून घ्या. फक्त कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत अडत असेल आणि मराठी नीट येत असेल, तर बहुधा ही अक्षमता नाही, सराव कमी आहे.

निदान झालं तर मार्ग आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये अध्ययन अक्षमता धरलेली आहे. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, तसंच दुसऱ्या आणि तिसऱ्या भाषेतून सूट अशा सवलतींची तरतूद त्याच्या कलम १७ मध्ये आहे. प्रमाणपत्रासह मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. लिहिण्यातून सूट घेतली तरी कन्नड बोलणं मात्र सोडू देऊ नका. इथं ते रोज लागतं.

१४. आई कन्नड, वडील मराठी. प्रथम भाषा कुठली घ्यावी?

मूल ज्या भाषेत भांडतं, स्वप्न सांगतं, हट्ट करतं ती. ती कन्नड असेल तर कन्नड शाळा घ्या आणि मराठी घरी जपा. मराठी असेल तर मराठी शाळा घ्या, कन्नड तिथं आहेच. 'दोन्हीचं भांडण नको' म्हणून इंग्रजी माध्यम निवडणारी बरीच घरं आहेत. माध्यम निवडायचा हक्क पालकांचा आहे, सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये कर्नाटकाच्याच खटल्यात तसा निकाल दिला आहे. पण घरी दोन्हीकडून कुणीच इंग्रजी बोलत नसेल तर त्या मुलाला परिसरचा धडा समजून घ्यायलाही आधी शब्दाचा अर्थ शोधावा लागतो. पाचवीपर्यंत घरच्या दोन भाषांपैकी एका भाषेतून शिकवा, इंग्रजी विषय पहिलीपासून असतोच.

१५. सहावी-सातवीला विज्ञानाचे सरच नाहीत. काय मागायचं?

शिक्षण हक्क कायदा हातात ठेवून मागा. सहावीच्या वर विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा यांना किमान एकेक शिक्षक हवा. पहिली ते पाचवीत ६० पर्यंत पट असला तरी दोन शिक्षक हवेत, ६१ ते ९० ला तीन. एसडीएमसीचा ठराव करून बीईओ (तालुक्याचे शिक्षणाधिकारी) कार्यालयात द्या. अतिथी शिक्षकाची मागणी वेगळी लिहा. मराठी माध्यमासाठी मराठीतून शिकवू शकणारा शिक्षक हवा, हे वाक्य अर्जात नक्की घाला. पट टिकवणं हेही पालकांच्या हाती आहे, कारण शिक्षकांची संख्या त्यावरच ठरते.

१६. आम्ही चार महिने वीटभट्टीवर (किंवा ऊसतोडीला) जातो. परत आल्यावर मुलीला खालच्या वर्गात बसवतील का?

नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ प्रमाणे तिला वयानुसार वर्गात बसवायचं आणि राहिलेलं शिकवण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचं, ही शाळेची जबाबदारी आहे. आठवीपर्यंत तिला शाळेतून काढताही येत नाही. जाताना तिची पुस्तकं सोबत न्या आणि जिथं जाल तिथल्या जवळच्या शाळेत तिला बसवा, माध्यम वेगळं असलं तरी. गणित आणि चित्रकलेला भाषा कमी लागते, त्या तासांना ती पहिल्या दिवसापासून इतरांच्या बरोबरीनं बसेल. परत आल्यावर तिकडच्या शाळेचा हजेरीचा कागद इथल्या बाईंना द्या, आणि ती कुठल्या धड्यापाशी थांबली होती ते सांगा.